अण्णांचं मशीन

सकाळचा चहा झाला की उल्कावहिनी अण्णांच्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि बटण दाबायच्या. नऊ वर्षांपूर्वी अण्णांना हार्ट अटॅक आला तेव्हापासून हा नेम. दर तीन महिन्यांनी रत्नागिरीला डॉक्टरांकडे जायचं, तेव्हा नवऱ्याची, म्हणजे अण्णांची, फाईल वहिनींच्या मांडीवर. घरात त्या बीपीच्या यंत्राला सगळे 'अण्णांचं मशीन' म्हणत.

गेलं वर्षभर वहिनींच्या अंगातून वाफा उठत होत्या. छातीपासून कानशिलांपर्यंत लाही लाही, मग घामाने ब्लाउज चिंब. दिवसातून आठ-दहा वेळा. पाळी जाताना असं होतं, हे घरातल्या बायकांना ठाऊक होतं आणि ते खरंही होतं. म्हणून त्याबद्दल बोलायचं नाही, हे मात्र कुणी ठरवलं देव जाणे.

"कोकम घे गो," मोठ्या जाऊबाई म्हणायच्या. "मलाही झालं होतं. मी काय मेले?"

एकदा अण्णांना तपासताना डॉक्टरांनी सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही कशा आहात?" त्या बोलणार, तोच अण्णा हसत म्हणाले, "तिला काय धाड भरल्ये!" वहिनीही हसल्या. बाई हसली की विषय संपतो आपल्याकडे.

मे महिन्यात पडवीत आंब्याच्या पेट्या भरणं चाललं होतं. वहिनींना दरदरून घाम फुटला. पाठीत कळ आली, जबडा आवळल्यासारखा झाला. सावर्ड्याला शिक्षिका असलेली लेक भार्गवी सुट्टीला आली होती.

"आई, डॉक्टरांकडे जाऊया."

"टेम्पो यायचाय चारला. पेट्या होऊ देत. आणि वयाचं आहे ते."

जाऊबाईंनी कोकमाचं सरबत आणलं. वहिनींनी अर्धा पेला घेतला, उरलेला खाली ठेवला आणि पेंढ्यावरच कलंडल्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. मग विचारलं, "बीपी किती असायचं यांचं?"

अण्णा भार्गवीकडे बघू लागले, भार्गवी जमिनीकडे. कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभर वाफा येत होत्या, एवढंच भार्गवीने सांगितलं.

"वाफा येतात म्हणजे हृदय बिघडलंच असं नाही," डॉक्टर सावकाश म्हणाले. "पण ज्यांना त्या फार आणि जोराच्या येतात, त्यांच्यात हृदयाचा धोका जास्त आढळतो. तेव्हाच बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायला हवं होतं."

तेराव्याचं जेवण उरकलं. जाऊबाई पदराने मान पुसत खांबाला टेकल्या होत्या. भार्गवीने मशीन आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"ते अण्णांचं आहे गो," त्या मागे सरल्या.

अण्णा उठले. जाऊबाईंसमोर खाली बसले आणि पट्टा हातात घेतला. उलटा धरला, सुलटा केला, पुन्हा उलटा. नऊ वर्षं रोज बांधून घेतलेला पट्टा त्यांना बांधता येईना. त्यांना रडू फुटलं. भार्गवीने त्यांचे हात धरून तो बांधून दाखवला.

आकडा आला, एकशे ऐंशीच्या वर. पडवीतल्या बायका बघत राहिल्या.

"वयाचं असेल," जाऊबाई पुटपुटल्या.

"चपला घाल, काकू," भार्गवी म्हणाली. "आत्ताच जायचं."