मैनेची पाठवणी

सौम्याने अख्खं राज्य बुडवलं तेव्हा तिला जराही वाईट वाटलं नाही. उलट लॅपटॉप मिटून तिने स्वतःसाठी कडक फिल्टर कॉफी केली आणि बेंगळूरच्या व्हाइटफील्ड भागातल्या आपल्या बाल्कनीत बसून ती चवीचवीने प्यायली.

तळराणीच्या गोष्टींचं हे सहावं आणि शेवटचं पुस्तक. तळ्याच्या तळाशी राज्य करणारी राणी आणि काठावरच्या एका दारातून तिच्याकडे ये-जा करणारी मैना नावाची मुलगी, या दोघींनी पोरांना वेड लावलं होतं. पुण्याचे प्रकाशक उपेंद्र यांना शेवटी ते दार किलकिलं ठेवायचं होतं. "एक फट फक्त, मॅडम," ते फोनवर म्हणाले होते. "उद्या तुम्हाला कंटाळा आला तर पुढचं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येईल."

हे दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. आपली राणी दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची? सौम्याचं डोकंच फिरलं. तिने असा शेवट लिहिला की पुढे एक ओळसुद्धा कुणाला वाढवता येऊ नये. दार फुटलं, महाल कोसळला, राणी दगड झाली आणि मैना जीव मुठीत धरून वर आली. खेळ खलास. आपण बरोबर केलं याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तशी ती शंका घेणाऱ्यांतली नव्हतीच.

पण छापायला जाण्याआधी तिचं प्रत्येक पुस्तक शहरातल्याच हेब्बाळला जायचं, कृष्णाबाई आत्याकडे. सौम्याचं घराणं बेंगळूरात येऊन साडेतीनशे वर्षं झाली. पोरं शाळेत कन्नड आणि इंग्रजी वाचतात, मराठी त्यांच्या फक्त कानात असते. म्हणून रविवारी दुपारी कृष्णाबाई नात्यातल्या, ओळखीतल्या पोरांना गोळा करून नवं पुस्तक मोठ्याने वाचायच्या. सौम्या मागे भिंतीला टेकून बसायची. वाचन चालू असताना पोरांचे हात चुरमुऱ्यांच्या परातीकडे गेले की ते पान कंटाळवाणं, ते काढायचं. इतका निर्दय संपादक पुण्यात काय, कुठेच मिळाला नसता.

त्या रविवारी परातीला कुणी हात लावला नाही. शेवटचं प्रकरण आलं तशी पोरं पुढे सरकली. सौम्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात कृष्णाबाई थांबल्या. त्यांनी पुढचं पान मनातल्या मनात वाचलं, त्यापुढचंही वाचलं आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हे मी वाचत नाही," त्या म्हणाल्या.

"का हो आत्या?"

"ही पोरगी सहा पुस्तकं त्या घरी जेवली. तिथे तापाने फणफणली तेव्हा राणीने तिला मांडीवर घेतलं. आणि आता निघताना राणी तिच्या हातावर काही ठेवत नाही? आपल्या दारातनं कुणी लेकबाळ कधी अशी गेलीय का गं?"

"आत्या, राज्य बुडतंय. कुंकू लावत बसायला वेळ कुठाय?"

"तू बुडवलंस म्हणून वेळ नाही. तुला कुणी सांगितलं होतं बुडवायला?"

सौम्याला राग आला. सहा पुस्तकं लिहिणाऱ्या बाईला तिच्याच राज्याबद्दल असं विचारायचं म्हणजे काय? ती तोंड उघडणार इतक्यात ध्रुवने, वाचनाला सगळ्यांत आधी येऊन बसणाऱ्या पोराने, विचारलं, "अज्जी, राणी मेली काय?"

"स्वल्प थांब बाळा," कृष्णाबाई म्हणाल्या. "अक्का सांगेल."

झालं, सगळी पोरं मान वळवून सौम्याकडे बघायला लागली. आणि 'हो' म्हणायला तिची जीभ रेटेना. तिला स्वतःचीच लाज वाटली. राणीला तिने गोष्टीसाठी मारलंच नव्हतं. उपेंद्रांवरचा राग तिने राणीवर काढला होता, आणि मैनेला त्यापायी रिकाम्या हाताने पळवलं होतं.

"चुरमुरे खा रे," ती उठत म्हणाली. "मला जरा लिहायचंय."

स्वयंपाकघरात, गॅसशेजारच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून तिने उभ्याउभ्याच लिहायला घेतलं. बाहेर पोरांनी परातीचा फडशा पाडला, दोन भांडणं झाली, एक मिटलं. ती लिहीतच होती. बोटं इतकी सुरळीत चालली होती की आधीचा शेवट आपण लिहिलाच कसा, याचं तिला नवल वाटलं.

बाहेर येऊन तिने लॅपटॉप आत्याच्या मांडीवर ठेवला. "आता वाचा," ती म्हणाली. विनंती नव्हतीच ती.

कृष्णाबाईंनी वाचलं. राणी आता म्हातारी झाली होती आणि मैना मोठी. दार लावून घ्यायची वेळ आली होती. राणीने मैनेला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं. मैनेला पदर नव्हता, म्हणून तिने फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पसरून धरला. राणीने त्यात तळ्यातल्या शेतातले तांदूळ घातले, नारळ ठेवला, हिरवा खण ठेवला. मैना उठली. घरी आईला करताना पाहिलं होतं तसं तिने ओटीतले चार दाणे उचलून राणीच्या ताटात परत टाकले, देणाऱ्याचं घर रितं होऊ नये म्हणून. मग वर येऊन तिने स्वतःच्या हाताने दार ओढून घेतलं. आतून राणीने कडी घातली.

शेवटची ओळ वाचून कृष्णाबाईंनी लॅपटॉप मिटला. भव्या नावाची थोराड पोरगी, जी कधी कशाला रडत नाही, ती ओक्साबोक्शी रडली आणि मग नाक पुसून म्हणाली, "सरी, बरोबर. असंच पाहिजे."

सौम्याने तिथूनच उपेंद्रांना फोन लावला. "दार बंद आहे," तिने सांगितलं. "आतून कडी आहे. फटबीट काही नाही."

"मॅडम, पण पुढे कुणाला काही लिहायचं झालं तर?"

"नाही लिहायचं," असं म्हणून तिने फोन ठेवला. आता मात्र राज्य पक्कं राखलं गेलं, असं तिला वाटलं.

पोरं चपला घालून जिन्याने उतरायला लागली. वर दारात उभी राहून सौम्या त्यांना ऐकत होती. ध्रुवचं म्हणणं, मैना तो नारळ सोसायटीच्या बागेत लावणार आणि झाड आलं की प्रत्येक नारळात तळ्याचं पाणी निघणार. भव्या म्हणाली, छे, तिची आई तो फोडून चटणी करेल आणि ती खाल्ली की मैनेला माशांची भाषा येईल. तिसऱ्याच कुणीतरी जाहीर केलं की राणीला एक मुलगी आहे आणि ती उद्या नळातून येणार.

एका फटक्यात तीन पुस्तकं. आणि हे होऊ नये म्हणून तिने राज्य बुडवलं होतं.

दार लावलंय रे, असं तिला वरून ओरडून सांगता आलं असतं. तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती भलतीच खूश होती. आवाज खाली खाली चालले होते. नळातून आलेल्या त्या मुलीचं पुढे काय झालं ते ऐकायला सौम्या अनवाणीच जिना उतरू लागली.