पाठवायला सोपा

इनोसीने भिंतीवरचा कोयता काढला, खांद्याला टोपली अडकवली आणि तो मागच्या दाराकडे निघाला. दारात माकेरेता, त्याची बायको, पाय लांब करून बसली होती. पुढ्यात मासे पसरून खवले काढण्याचं तिचं काम अगदी निवांत चाललं होतं. बाहेर पडायचं तर तिला ओलांडून जावं लागणार होतं, आणि बसलेल्या माणसाला ओलांडणं या बेटावर चोरसुद्धा करत नाही.

"जरा सरक," तो म्हणाला. "डालोचे कंद खणून आणतो."

"सकाळीच आणलेत की! ते काय कोपऱ्यात पडलेत. तुमच्याकडेच बघतायत."

"मग रताळी आणतो."

"माझे हात भरलेत, उठता नाही येणार. तुम्ही पुढच्या दारानं जा ना."

पुढच्या दाराने जाता येणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिकडून त्याचा धाकटा भाऊ नेमानी येत होता, देवमाशाचा दात घेऊन.

असा दात घेऊन माणूस माफी मागायला येतो. समोरच्याने तो हातात घेतला की झालं गेलं पुरलं जातं आणि पुन्हा त्याचा उच्चार करायचा नसतो. इनोसीला तो घ्यायचा नव्हता तो म्हणूनच. याआधी दोनदा नेमानी सुवा शहरातून आला होता आणि दोन्ही वेळा इनोसीला डोंगरावरच्या मळ्यात नेमकं तातडीचं काम निघालं होतं. नेमानी अंधार पडेपर्यंत पायरीवर बसून राहिला आणि तसाच परत गेला. या खेपेला मात्र त्याने गावात सांगून टाकलं होतं, की सोमवारच्या बोटीने गेलो की पुन्हा या बेटावर पाय ठेवणार नाही.

आई गेली तेव्हा निरोप मिळूनही नेमानी आला नव्हता. सुवात पिऊन पडला होता. शेवटच्या दिवसांत म्हातारीने आपली चटई धक्का दिसेल अशा दाराशी ओढून घेतली होती. ती गेल्यावर इनोसीने दफन एक दिवस लांबवलं, तरी बोटीतून नेमानी काही उतरला नाही. ते आठवलं की अजूनही इनोसीच्या दुःखाचा राग व्हायला वेळ लागायचा नाही.

एवढं सोडलं तर इनोसी देवमाणूस. पाळक दुसऱ्या गावी गेले की चर्चमध्ये उपदेश त्याचाच. प्रार्थना करायचा तीही अशी लांबलचक, की घरोघरी चुलीवरची भांडी करपायची. उद्याच्या उपदेशाचा विषय होता आज्ञापालन. इथल्या भाषेत आज्ञाधारक माणसाला 'पाठवायला सोपा' म्हणतात. आठवडाभर इनोसी घरात येरझाऱ्या घालत तेच घोळवत होता: प्रभू ज्याला जा म्हणतो आणि जो जातो, तोच त्याचा; बाकीचे नुसते गाणारे. ऐकून ऐकून माकेरेताला ते पाठ झालं होतं.

"पाठवायला सोपा," माशावरून नजर न उचलता ती म्हणाली. "व्यासपीठावर पाठवायला कोणीही सोपाच असतो हो. चार पावलं तर जायचं असतं."

तेवढ्यात पुढच्या दाराबाहेर कोणीतरी खाकरलं. ती खाकर इनोसीने लहानपणापासून ऐकलेली होती. त्याने टोपली उतरवली, कोयता खुंटीला लावला आणि तो आपल्या जागेवर जाऊन बसला. चेहरा मात्र दगडासारखा केला.

नेमानी वाकून आत आला आणि दाराजवळच्या चटईच्या काठावर बसला. केस पिकले होते. त्याच्या वतीने बोलायला कोणी आलं नव्हतं. दोनदा रिकाम्या घरासमोर भाषण केल्यावर तिसऱ्यांदा कोण येणार? दोन्ही हातांत दात धरून तो स्वतःच बोलू लागला. घराण्याचं नाव त्याने नीट घेतलं, वाडवडिलांना मान नीट दिला.

"हा दात घेऊन मी... आईला जेव्हा..." एवढं बोलून तो अडला.

लहानपणी चर्चमध्ये मुलांना वचनं म्हणायला उभं करत, तेव्हाही नेमानी असाच मधेच अडायचा. कान लाल व्हायचे. मागच्या रांगेतून इनोसी ओठ न हलवता पुढचा शब्द सांगायचा. आताही नेमानीचे कान लाल झाले होते.

"मी आलो नाही," इनोसी हळूच म्हणाला. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निसटून गेलं.

"मी आलो नाही," नेमानी म्हणाला.

"तू वाट पाहिलीस."

"तू वाट पाहिलीस, दादा."

"निरोप मिळाला होता, तरी मी..."

इथे इनोसीच अडला. उघड्या दारातून त्याला ती पायरी दिसत होती. मागच्या दारात खवले खरवडल्याचा आवाज थांबला होता.

"तरी मी मुद्दाम मळ्यातून आलो नाही," तो म्हणाला. "दोन्ही वेळा."

नेमानीने ते म्हणायला तोंड उघडलं, भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

इनोसी आपल्या जागेवरून सरकत सरकत चटईच्या काठापर्यंत गेला. एवढंसं अंतर, पण त्याला धाप लागली. त्याने दोन्ही हात पुढे केले आणि दात घेतला. मागच्या दारातून माकेरेताने ओल्या हातांनी, रीतीप्रमाणे तळवे पोकळ करून टाळ्या वाजवल्या.

मग तिने पाय जवळ ओढले.

"सरकले हो मी," ती म्हणाली. "मळ्यात जायचं होतं ना तुम्हाला?"

"हा दोनदा उपाशी..." इनोसी बोलू लागला आणि थांबला. पुरलेलं उकरायचं नसतं. त्याने दात मांडीवर ठेवला आणि बाहीने डोळे पुसले.

"मासे लवकर शिजव," तो म्हणाला. "याला भूक लागली असेल."