शेजारच्या मांडवातलं रडणं

फ्लेक्स उलगडला तेव्हा पोकुआनं आधी डोळे बारीक केले, मग चष्मा पुसला आणि मग धाकट्या भावाला विचारलं, "ही बया कोण?"

"असं काय करतेस ताई? आई आहे," अजेई म्हणाला.

"आपली?"

कुमासी शहरात मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या अजेईला आपल्या बोटांचा फार अभिमान होता. दफनाचा शनिवार येईपर्यंत आई शवागारात होती, तेवढ्यात तिचा एक जुना फोटो घेऊन तो दोन आठवडे फोनमध्ये डोकं घालून बसला होता. एका ॲपमध्ये त्यानं आईच्या मागची भिंत कापून काढली, दुसऱ्यात बोटानं घासून घासून चेहरा गुळगुळीत केला, तिसऱ्यात केसांची एकेक रेघ ओढली, डोळ्यांत चमक भरली. तिथंही हात थांबला नाही, म्हणून मागे ढग टाकले आणि डोक्यावर सोन्याचा मुकुट चढवला. उभा जन्म पावाच्या भट्टीपुढे काढून म्हातारपणी गेलेली आफ्राकोमा आता मांडवाच्या दारात पंचविशीची होऊन, ओठ किंचित विलग करून उभी होती. रंग लोण्यासारखा. डाव्या गालावरचा भाजल्याचा डाग तर औषधालाही उरला नव्हता.

"आईला पुरायचंय आपल्याला," पोकुआ म्हणाली. "स्थळ नाही बघायचंय तिच्यासाठी."

"याला स्टाइल म्हणतात. तुला नाही कळायचं. ग्रुपवर टाकल्यापासून किती लोकांनी वाहवा केलीय, बघ जरा."

"त्यांतल्या किती जणांनी आईला पाहिलं होतं?"

अजेईनं फोन खिशात घातला आणि खुर्च्या मोजायच्या निमित्तानं तिथून सटकला. पोकुआनं मामांकडे पाहिलं, तर तेही फ्लेक्सपुढे उभे राहून माना डोलावत होते. "राणीसारखी दिसतेय माझी बहीण!" मामांना चाळीस वर्षांत तिच्या भट्टीवर यायला सवड झाली नव्हती, तेव्हा ती कशी दिसायची हे त्यांना कोण सांगणार?

शनिवारी गल्लीत दोन मयतं होती. आफ्राकोमाचा मांडव आणि त्याला खेटूनच दुसरा, चर्चमध्ये गाणाऱ्या कुणा आजीबाईंचा. दोन्हीकडे सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांची गर्दी, दोन्हीकडे कर्णे, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या अंगावर आदळत होतं. दूरदूरचे नातेवाईक आले, अजेईचे दोस्त आले, त्यांनी फ्लेक्सपुढे उभं राहून फोटो काढले. पण ज्यांची पोकुआ सकाळपासून वाट बघत होती, त्या सुआमे स्टँडवरच्या पाववाल्या बायका काही येईनात. आईबरोबर डोक्यावर पाट्या घेऊन आयुष्यभर गाड्यांमागे धावलेल्या बायका, आणि मातीला येऊ नयेत? पोकुआच्या मनाला ते फार लागलं.

ऊन डोक्यावर आलं आणि शेजारच्या कर्ण्यातून आवाज आला : "सुआमे स्टँडच्या पाववाल्या भगिनींकडून कुटुंबाला मदत! देव त्यांचं भलं करो!"

पोकुआ ताडकन उठली.

शेजारच्या मांडवात पहिल्या दोन रांगा त्यांनीच अडवल्या होत्या. न्यार्को, सगळ्यांत थोरली म्हणून सगळ्यांची 'मामे', म्हणजे आई, डोक्याला हात लावून अशी रडत होती की त्या घरच्या सुना तिला पाणी पाजत होत्या. बाकीच्यांपुढे जोलोफ भाताच्या प्लेटा आल्या होत्या.

"मामे, तुम्ही इथं काय करताय?"

"ये गं बाई, ये!" न्यार्कोनं तिला मिठीच मारली. "गेली गं तुझी आई! पण तू आत्ता येतेस होय? सख्ख्या आईच्या मयताला?"

"आई इथं नाहीये. आमचा मांडव पलीकडं आहे."

न्यार्कोचं रडणं जागच्या जागी थांबलं. "पलीकडं? तिथं तर कुणी सिनेमातली पोरगी वारलीय ना? आम्ही बघितलं की. मुकुटबिकुट घातलेली. मी म्हटलं, आपलं काय काम तिथं? इथं निदान फोटोत म्हातारी तरी आहे."

"आणि फोटोखालचं नाव नाही वाचलंत?"

"चष्मा घरी राहिला. चेहरा तरी दिसेल म्हटलं."

दिलेली मदत परत मागायची सोय नव्हती. त्या घरच्या लोकांनीही ती परत द्यायची घाई केली नाही. बायकांनी प्लेटा तेवढ्या रिकाम्या केल्या आणि पदर सावरून पोकुआच्या मागोमाग निघाल्या. फ्लेक्सपुढे येताच न्यार्कोनं कमरेवर हात ठेवले. अजेई समोरच उभा होता.

"हिनं कधी पीठ मळलं होतं का रे?" तिनं सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं. "गालावर डाग कुठं आहे? तुझ्या शाळेच्या कपड्यांसाठी रात्रपाळीची भट्टी घेतली, तेव्हा भाजली होती ती. तो पुसलास?"

"मामे, ही कला आहे—"

"कला! आईला ओळखू येईना असं करून ठेवलंस, आणि वर कला!"

मांडवात कुणी खोकलं, कुणी हसू दाबलं. मामांनी हळूच आपली खुर्ची फ्लेक्सपासून लांब सरकवली. अजेईचा चेहरा त्या क्षणी कुठल्याच ॲपनं सावरला नसता. आणि बायका तिथंच मांडी घालून बसल्या आणि दुसऱ्यांदा रडल्या. पोकुआही रडली, आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता अजेईची मान खाली जाईल, असं तिला वाटलं होतं. कसली जातेय! मयताला आलेल्यांपैकी तिघांनी महिन्याभरात त्याच्याकडे आपापल्या म्हाताऱ्यांचे फोटो दिले. आणि एका मंगळवारी पोकुआ चार्जर घ्यायला दुकानात गेली, तर स्टुलावर मामे न्यार्को बसलेली. तोंडाला पावडर, गळ्यात मोठ्ठे मणी, आणि अजेई तिचा फोटो काढतोय.

"हनुवटीखालचं लोंबतंय ते काढ रे," ती सांगत होती. "आणि मुकुट तुझ्या आईच्यापेक्षा मोठा हवा हं."

"मामे!" पोकुआ दारातूनच ओरडली. "उद्या तुमच्या मयताला माणसं शेजारच्या मांडवात जाऊन बसली म्हणजे?"

न्यार्को जराही ओशाळली नाही. तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि कॅमेऱ्याकडे बघून मान उंचावली.

"बसू देत की. जन्मभर माझ्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मेल्यावर चार पुरुष फ्लेक्सपुढे थांबले, तर तुझं काय जातंय?"

पोकुआनं वैतागून दातांतून 'च्चक्' असा आवाज काढला आणि चार्जर न घेताच पाठ फिरवली. मागून अजेईचा मऊ, गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज आला, "मामे, हसा थोडं."