मला सुलटं करणारी जेठी

मित्रांनो, माझं तोंड खाली का, म्हणून हसू नका. मी एक जुनं, काळंकुट्ट खापर, म्हणजे मातीचं खोलगट भांडं आहे आणि उपडं बसण्यासाठीच माझा जन्म आहे. आमच्या खानदेशात माझ्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात. तोंड चुलीत, पाठ वर, अशी माझी सगळी हयात गेली.

तापीकाठच्या मातीतून उखा कुंभारानं मला घडवलं. "माय, खापर सावकाश तपाडजो, नही तं तडकी जाई," असं बजावून त्यानं मला गजराबाईंच्या हाती दिलं. गजराबाई नंदुरबार स्टेशनापलीकडच्या शेतकरी घरातल्या. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची लेक मंगला माहेरी यायची, झोके घ्यायची, आणि पहिला मांडा तिचाच असायचा. त्या दिवशी माझं कोण कौतुक! एरवी मी फळीवर धूळ खात पडून असे नि पुढच्या आखाजीची वाट बघे.

फाळणीनंतरच्या उन्हाळ्यात स्टेशनाजवळच्या माळावर तंबू लागले. सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसं त्यांत राहत. त्या आखाजीला मंगला बाळंतपणामुळे येऊ शकली नाही. गजराबाईंनी सरळ मला डोक्यावर घेतलं. "ज्या पोरीस्ले माहेरच ऱ्हायनं नही, त्यास्ले मांडा कोन खवाडी?" असं म्हणत त्या तंबूंकडे निघाल्या.

तिथे एका तंबूच्या खुंटीशी जेठी बसली होती. सात-आठ वर्षांची पोर. वडील वाटेतच वारले, तेव्हापासून ती बोलत नव्हती, खेळत नव्हती, जेवणाला तोंड लावत नव्हती. कुणी तिला हट्टी म्हणे, कुणी दृष्ट काढी. "ऐसे तो ये मर जायेगी," तिची आई गजराबाईंना म्हणाली आणि रडू लागली.

गजराबाईंनी दगडांची चूल मांडली आणि मला उपडं ठेवलं. जाळ लावायच्या आतच जेठी उठली. तिनं मला उचलून सुलटं केलं. गजराबाईंनी पुन्हा उपडं ठेवलं. तिनं पुन्हा सुलटं केलं! आई हात उगारून धावली.

"मारू नका, माय. ती करी ऱ्हायनी तं करू द्या," गजराबाई म्हणाल्या आणि पीठ बाजूला सारून स्वस्थ बसल्या.

बराच वेळ गेला. मग जेठी माझ्या काठावर हात ठेवून सिंधीत काहीतरी पुटपुटली. तिच्या आईनं वाकून ऐकलं.

"क्या बोली?" गजराबाईंनी विचारलं.

"कहती है, इसका मुँह जल जायेगा."

गजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "नही जळस, बेटी," त्या म्हणाल्या, "आपन त्याले सावकाश तपाडू." दोघींनी मिळून मंद जाळ केला. त्या दिवशी जेठीनं चतकोर मांडा खाल्ला.

एका मांड्यानं दुःख जात नाही, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गप्पच होती. पण गजराबाई मला घेऊन येत राहिल्या. कधी मांडा, कधी साधी पोळी, कधी नुसतं शेजारी बसणं. कधी जेठी एखादा शब्द बोले, कधी तोंड फिरवी. गजराबाई रागावल्या नाहीत, की बोल म्हणून मागे लागल्या नाहीत.

पुढच्या आखाजीला मंगला बाळाला घेऊन आली, आणि जेठीलाही माहेरवाशीण म्हणून बोलावणं गेलं. ती आली, चुलीपाशी गेली आणि तिनं मला मुद्दाम सुलटं ठेवलं! गजराबाईंनी डोळे वटारले. तशी जेठी खळखळून हसली. तिचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता माझ्या काठाला चीर गेली आहे, तरी जेठीनं मला टाकू दिलं नाही. मित्रांनो, घरातलं खापर जपा; ते एकदम जाळावर ठेवू नका. आणि कुणी मूल गप्प गप्प दिसलं, तर त्याला दटावू नका. त्याच्याजवळ बसा, आणि उद्या पुन्हा जा. माझ्या पाठीवरचे मांडे खाऊन कितीतरी जणांनी मला नावाजलं. पण माझ्या तोंडाला चटका बसेल, ही काळजी त्या मुक्या झालेल्या पोरीलाच तेवढी वाटली.