सव्वा तासाचं अंतर

व्हॅनवाल्या काकूंच्या परगावी राहणाऱ्या मुलाने आईला न विचारताच विमानाचं तिकीट काढलं, येण्याचं आणि जाण्याचंही. वर फोनवर म्हणाला, सव्वा तासाचा तर प्रश्न आहे, डुलकी लागेपर्यंत पोचशील. बोलता बोलता हेही सांगून टाकलं की व्हॅनला गिऱ्हाईक बघितलंय, या वयात आता स्टिअरिंग पुरे.

काकूंनी उभं आयुष्य व्हॅनमधून लोकांची पोरं शाळेत पोचवली होती. रडकी, भांडखोर, डबा सांडणारी, पण एकालाही खरचटू दिलं नव्हतं. आणि आता पोटच्या पोरालाच आईच्या हातांचा भरवसा वाटेना. हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

"नातीला बघायला मी येणार," त्या म्हणाल्या. "पण माझी मी येईन."

रस्त्याने दहा-अकरा तास लागतात, मध्ये घाट आहे, ट्रकवाले अंगावर येतात, असं बरंच काही मुलाने ऐकवलं.  काकूंनी गॅरेजमध्ये जाऊन ब्रेक बघून घेतले, डॉक्टरकडे जाऊन डोळे तपासून घेतले, आणि एका सकाळी उजाडता उजाडता किल्ली फिरवली.

घाटात धुकं उतरलं होतं. पुढे एक ट्रक आडवा पडलेला, त्यामुळे सगळी रांग ठप्प. बसून बसून काकूंच्या कमरेतून कळ निघाली, आणि पहिल्यांदाच मनात आलं, पोराचं खरं तर नसेल ना? त्या खाली उतरल्या. व्हॅनभोवती फेऱ्या मारल्या, थर्मासमधला चहा घेतला, रडू आलं तेही येऊ दिलं. रांग हलली तशा पुन्हा बसल्या.

पोचल्या तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मुलगा फाटकातच उभा होता, रागाने लाल.

"फोन का उचलत नव्हतीस?"

"गाडी चालवताना मी फोन घेत नाही. लहानपणापासून मागच्या सीटवर बसून तूच बघत आलायस की."

परत मात्र विमानानेच जायचं, मुलाने बजावलं. काकूंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"विमान लवकर पोचवतं, मान्य. पण मी कधी यायचं तेही तू ठरवलंस आणि कधी निघायचं तेही. मी काय पार्सल आहे?"

 दारात बाळाला घेऊन उभ्या असलेल्या सुनेने तोंड फिरवून हसू लपवलं.

तिकिटावरची परतीची तारीख आली आणि गेली. काकू मनसोक्त राहिल्या. नातीला त्यांची सवय झाली, तेव्हा कुठे त्यांनी सामान बांधलं. मुलाला काही राहवेना. लक्ष ठेवायला म्हणून तोही शेजारी बसला, आणि घाटातल्या तिसऱ्याच वळणावर त्याचं पोट ढवळलं. काकूंनी गाडी कडेला घेतली. तो वाकून ओकत असताना पाठ चोळली, चूळ भरायला पाणी दिलं. एका शब्दानेही टोमणा मारला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने गिऱ्हाइकाला फोन लावला आणि व्हॅन विकायची नाही म्हणून सांगितलं.

"पण मला हे अजूनही पटलेलं नाही," फोन ठेवत तो आईला म्हणाला.

"नसू दे पटलेलं," काकू म्हणाल्या. "पट्टा लाव."