नरहरभटांचा केशरीभात

पेशवाईच्या दिवसांत नारायण पेठेतल्या नरहरभट आचाऱ्यांचा केशरीभात सगळ्या पुण्यात नावाजलेला होता. पण एका मोठ्या तापानंतर त्यांना वासच येईनासा झाला. केशर हुंगले काय आणि राख हुंगली काय, त्यांना सारखेच. ही गोष्ट त्यांनी बायको सगुणाबाईंखेरीज कोणालाही सांगितली नाही.

तशात एका सावकाराच्या घरून मुंजीचे बोलावणे आले. नरहरभट सगुणाबाईंना मदतीला म्हणून घेऊन गेले. भात उतरवण्याआधी त्यांनी किसलेले जायफळ बायकोपुढे धरले.

“अहो, कुबट आहे हे. टाकून द्या.”

“यजमानांनी स्वतः आणलंय.”

“त्यांनी आणलं म्हणून काय वास बदलतो त्याचा?”

नरहरभटांनी जायफळ टाकले आणि नुसत्या केशर-वेलदोड्यावर भात केला. पंगतीत तो पुन्हा पुन्हा मागून घेतला गेला. यजमान तोंडभरून वाखाणू लागले, तेव्हा मात्र नरहरभटांना राहवेना.

“मला वास येत नाही. आज नाक हिचं होतं,” ते म्हणाले.

यजमान सगुणाबाईंकडे वळले. “मग आमच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं तुम्हालाच पाठवतो. भटजींना सवड असली, तर त्यांनाही आणा.”

नरहरभटांना हायसे वाटले. घरी जाताना कितीतरी महिन्यांनी ते मोकळेपणाने बोलत होते.