नांदेड जिल्हा वगळून

मला राग लई लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. केवळाबाईवर तर मी दोन वर्षांत दहादा तरी खेकसले असेन. दर महिन्याला बाई किल्लारीहून जीपनं लातूरला यायची, माझ्या टेबलासमोर बसायची आणि तेच विचारायची, उज्वलाचं नाव निघालं का हो मॅडम?

उज्वला तिची लेक. त्र्याण्णवच्या भूकंपात घर पडलं तेव्हा चार वर्षांची. केवळाबाई आणि तिचे मालक किशनराव ढिगाऱ्यातून निघाले, पोरगी ना जिवंत मिळाली ना मेलेली. एक लहान पोरगी मिलिटरीच्या गाडीत घालून नेली, एवढंच कुणीतरी पाहिलेलं. किशनरावांची कंबर मोडलेली, ते तंबूत पडून. त्यांना टाकून केवळाबाई कुठं जाणार? भाऊ तेवढा लातूर-सोलापूरचे दवाखाने हिंडून हात हलवत परत आला.

आमच्या कंपनीकडं त्या भूकंपाचे कागद आले होते. दवाखान्यांच्या वह्या, तंबूंच्या याद्या, सगळं स्कॅन करून, नाव-गाव-वय टाइप करून, पत्त्याच्या जिल्ह्याप्रमाणं कप्पे पाडून सर्व्हरवर चढवलेलं. शोधताना मशीननं कुठं बघायचं आणि कुठं नाही, याचे नियम लिहायचं काम माझं. त्याला स्कोप म्हणतात. त्याला बटणं-बिटणं काही नसतात, काळ्या स्क्रीनवर कमांडची ओळ लिहायची. मी ज्या कप्प्यावर काट मारली तो मशीन उघडतच नाही, मग त्यात कुणी का असेना.

सुरुवातीला शोध लई हळू चालायचा आणि भलतीच नावं निघायची. आमचे साहेब अमृतराव रोज कटकट करायचे. मी म्हटलं, नांदेड जिल्ह्यात कुठं गावं पडली? तिकडच्या पत्त्याच्या नोंदी नुसता कचरा. लिहिली एक ओळ, नांदेड जिल्हा वगळून. शोध भर्रकन पळायला लागला. साहेबांनी चार लोकांत कौतुक केलं आणि मी महिनाभर तोऱ्यात फिरले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

परवाच्या फेरीला केवळाबाई आली तेव्हा लाईट गेलेली. एरवी मी तिला दोन मिनिटांत वाटेला लावायची, त्या दिवशी काम नव्हतं म्हणून चहा सांगितला. बाई आपली बोलून राहिली. पोरगी दीड वर्षाची असताना हिला परत दिवस गेले, म्हणून तिला आजोळी ठेवली. आपल्याकडं ठेवतातच. ते दुसरं लेकरू काही जगलं नाही, पण ही आजीच्याच अंगाखांद्यावर वाढली, आजीलाच माय म्हणायची. त्या साली गणपतीला म्हणून चार दिवस आणली होती.

मी सहज विचारलं, आजोळ कुठलं?

"लोहा," ती म्हणाली. "नांदेडकडचं."

चार वर्षांच्या पोरीला दवाखान्यात कुणी गाव विचारलं तर ती कुठलं सांगणार? जिथं आजी तेच तिचं गाव. आणि हा प्रश्न मी दोन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. फॉर्मवर गावाच्या रकान्यात किल्लारी होतं, ते टाकत होते आणि तोंड वर करून नाही म्हणून सांगत होते.

लाईट आल्यावर तिला सगळं सांगून ती ओळ काढली. काढली की झालं असं नसतं, मशीनला सगळे कप्पे पुन्हा वाचावे लागतात. चार तास गेले. केवळाबाईनं फडक्यातली भाकरी खाल्ली, मलाही अर्धी दिली.

मग गावाच्या रकान्यात लोहा टाकलं तर एकच नोंद निघाली, दूरच्या एका दवाखान्याच्या वहीतली. उज्वला, वय चार, गाव लोहा, जिल्हा नांदेड. आडनाव सांगता येत नाही. एक ऑक्टोबरला दाखल, एकोणीसला मयत. शेवटच्या रकान्यात लिहिलेलं, लोह्याला कळवले, पत्ता अपुरा, कोणी आले नाही.

मी तिला ते वाचून दाखवलं. तारखा तिनं दोनदा वाचायला लावल्या. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

"बारा तारखेला साऱ्या गावाचं तेरावं झालं, मॅडम. पंगतीत बसून मी तिच्या नावानं जेवले. तवा ती जिती होती."

मला माझी भयंकर शरम वाटली. दोन वर्षांआधी सापडलं असतं तरी पोरगी वाचली नसती, हे काय मला कळत नाही? पण शरम काही हिशेबानं येत नाही. मी माफी मागायला लागले तर तिनं ऐकलंच नाही. ती रडलीही नाही. स्क्रीनकडं बोट करून तिनं विचारलं, हे परत बंद करता येतंय का?

मी म्हटलं, येतं की. पण का?

"मालक म्हणत्यात, ती पुण्याकडं हाय, तिला लेकरं हायत. तेवढ्यावरच जगून राहिलेत. त्यांनी इचारलं तर न्हाईच म्हणा."

साहेबांना न विचारता मी ती ओळ परत लिहिली. तिच्यासमोरच शोधून दाखवलं. नोंद आढळली नाही. बाईनं मान हलवली, फडकं झटकून घडी केलं आणि जीपच्या वेळेला निघून गेली.

सोमवारी किशनरावांचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणाले, बायको काही नीट सांगत नाही, तुम्हीच सांगा, मेलेल्यांच्या वहीत तर नाव नाही ना?

"न्हाई काका," मी म्हटलं. "कुठंच न्हाई."

"मग बरंच हाय की," ते म्हणाले आणि हसले. "मंजी हाय कुठंतरी."

मागून केवळाबाईचा आवाज आला, "म्या म्हणलं न्हवतं का."